व्हीएफडीवरच्या मोटरला बसणारे व्होल्टेज स्पाइक: गणित, जोडणी, फिल्टर आणि मोजणी यांचा योग्य क्रम

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवल्यावर काही महिन्यांत मोटर जळते, रिवाइंड होऊन येते आणि पुन्हा जळते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी उपाय चुकीच्या बाजूला केला जातो. इनकमरला सर्ज अरेस्टर लागतो, ड्राइव्हच्या इनपुटला चोक बसतो, कोणी स्टॅबिलायझरही सुचवतो. मोटरच्या टर्मिनलवर उसळणाऱ्या स्पाइकला यांपैकी कशानेही जवळपास काही फरक पडत नाही. तो स्पाइक लाइनवरून आलेला नसतो, ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामधल्या केबलवर तयार होतो.

त्यामागचे कारण थोडक्यात असे. ड्राइव्हमधले आयजीबीटी (झटपट चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) डीसी बसचे, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याचे, व्होल्टेज पल्सच्या रूपात मोटरकडे सोडतात. हा पल्स शून्यापासून पूर्ण व्होल्टेजला साधारण ०.०५ ते ०.४ मायक्रोसेकंदात चढतो आणि त्याचा चढता काठ केबलमधून दर मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने धावतो. केबलचा सर्ज इम्पिडन्स (धावत्या लाटेला होणारा विरोध) शंभर ओहमच्या आसपास असतो, लहान मोटरचा हजार-दोन हजार ओहम किंवा त्याहून जास्त. एवढ्या फरकावर आदळलेली लाट मागे फिरते. जाणारी आणि परतणारी लाट टर्मिनलवर एकत्र येतात आणि तिथले व्होल्टेज जवळपास दुप्पट होते. दर पल्सला हेच घडते, म्हणजे कॅरिअर फ्रिक्वेन्सी (पल्स सोडण्याचा वेग) ४ किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला चार हजार वेळा.

पुढचे टप्पे ४१५ व्होल्टच्या थ्री फेज इंडक्शन मोटरसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. फिल्टर सातव्या टप्प्यावर येतो. आधीचे सहा टप्पे झाल्याशिवाय तो निवडला तर पैसे वाया जातात किंवा फिल्टरच जळतो.

## टप्पा १: पॅनल उघडण्यापूर्वी

१. इनपुट आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावा. नुसता टॅग पुरेसा नाही.

२. डीसी बसचे कॅपॅसिटर रिकामे होऊ द्या. लहान ड्राइव्हला साधारण ५ मिनिटे, मोठ्यांना १५ मिनिटे किंवा अधिक. नेमका वेळ ड्राइव्हच्या कव्हरवर छापलेला असतो, तोच पाळा.

३. डीसी प्लस आणि डीसी मायनस यांच्यात मीटर लावून व्होल्टेज ५० च्या खाली आल्याची खात्री करा. चार्जचा दिवा विझला म्हणजे बस रिकामा झाला, असे धरू नका.

४. सौर पंपाच्या कंट्रोलरला पॅनलकडची डीसी बाजूही वेगळी करावी लागते. ऊन आहे तोवर ती बाजू जिवंतच असते.

सावधान: पर्मनंट मॅग्नेट मोटर नुसती फिरली तरी टर्मिनलवर व्होल्टेज देते. पंपातून पाणी उलटे वाहत असेल किंवा पंखा वाऱ्याने फिरत असेल तर आधी शाफ्ट थांबवा.

## टप्पा २: सहा आकडे कागदावर आणा

- सकाळी, दुपारी आणि रात्री इनपुटला मिळणारे सर्वांत जास्त व्होल्टेज. रात्री लोड उतरल्यावर औद्योगिक फीडरवर ४४० व्होल्ट दिसणे नवीन नाही.
- ड्राइव्हच्या डिस्प्लेवर दिसणारे डीसी बस व्होल्टेज, चालू स्थितीत आणि वेग कमी होत असताना, दोन्ही.
- ड्राइव्हच्या टर्मिनलपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत केबलची खरी लांबी.
- कॅरिअर फ्रिक्वेन्सीचे सेटिंग.
- आयजीबीटीचा चढण्याचा वेळ. मॅन्युअलमध्ये नसेल तर ड्राइव्हच्या कंपनीला ईमेल करून विचारा. तरीही मिळाला नाही तर ०.१ मायक्रोसेकंद धरा.
- मोटरची नेमप्लेट: व्होल्टेज, जोडणी, इन्सुलेशन क्लास, आणि इन्व्हर्टर ड्यूटीचा (व्हीएफडीसाठी बनवल्याचा) उल्लेख असल्यास त्याचा नेमका मजकूर.

केबलची लांबी अंदाजे लिहिली जाते आणि तिथूनच गणित बिघडते. मोटर समोर दहा मीटरवर दिसते, पण केबल ट्रेवरून चढते, शेडला वळसा घालते, खाली उतरते आणि पंचवीस मीटर भरते. केबलवर मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करा.

## टप्पा ३: स्पाइक किती येईल ते काढा

डीसी बस. इनपुट व्होल्टेजला १.४१४ ने गुणा. ४१५ ला ५८७ व्होल्ट, ४४० ला ६२२ व्होल्ट. लोडवर प्रत्यक्ष बस थोडा खाली, ५६० च्या आसपास असतो, पण गणिताला वरचाच आकडा घ्या.

निर्णायक लांबी. केबल किती लांब झाली की व्होल्टेज पूर्ण दुप्पट होते, ते या सूत्राने कळते:

निर्णायक लांबी (मीटर) = १५० × चढण्याचा वेळ (मायक्रोसेकंद) ÷ २

चढण्याचा वेळ ०.०५ असेल तर ही लांबी पावणेचार मीटर, ०.१ ला साडेसात मीटर, ०.२ ला १५ मीटर आणि ०.४ ला ३० मीटर. शेजारच्या पॅनलमधून येणारी केबलसुद्धा बहुतेक वेळा साडेसात मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे 'आमची केबल काही फार लांब नाही' या समजुतीवर विसंबू नका.

टर्मिनलवरचे शिखर. केबल निर्णायक लांबीपेक्षा मोठी असेल आणि मोटर लहान असेल तर बस व्होल्टेजला १.९ ते २ ने गुणा. उदाहरणार्थ, केबलचा इम्पिडन्स ८० ओहम आणि मोटरचा २००० ओहम असेल तर परतीचे प्रमाण १९२० भागिले २०८०, म्हणजे ०.९२. शिखर ५८७ × १.९२, म्हणजे सुमारे ११२७ व्होल्ट. मोटर जसजशी मोठी, तसा तिचा सर्ज इम्पिडन्स कमी आणि गुणक थोडा कमी. पण ७५ किलोवॅटपर्यंत दुपटीच्या आसपासचाच आकडा धरणे शहाणपणाचे.

केबल निर्णायक लांबीपेक्षा छोटी असेल तर वाढ त्या प्रमाणात कमी होते. ०.१ मायक्रोसेकंदाच्या ड्राइव्हवर ४ मीटर केबल म्हणजे वाढ साधारण निम्मी, शिखर ८७५ व्होल्टच्या घरात.

दोन परिस्थितींत आकडा याच्याही वर जातो.

पहिली, ब्रेकिंग. वेग झटकन उतरवला की मोटर जनरेटर होते आणि बस ७५० व्होल्टच्या वर चढू शकतो. ब्रेक चॉपर (जादा ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणारा भाग) साधारण त्याच पातळीला काम सुरू करतो. त्याची दुप्पट झाली पंधराशे. डिसेलरेशनला दोन सेकंद टाकलेल्या क्रेनच्या किंवा सेंट्रिफ्यूजच्या मोटरला दर फेरीत हा मार बसतो, आणि साध्या चालीत घेतलेल्या मोजणीत तो दिसत नाही.

दुसरी, लांब केबल आणि जास्त कॅरिअर यांची जोडी. आधीची लाट विझण्यापूर्वी पुढचा पल्स आला तर दोन्ही एकावर एक चढतात आणि शिखर दुपटीच्याही पुढे जाते. शंभर मीटरच्या वरच्या केबलवर कॅरिअर ८-१० किलोहर्ट्झला ठेवला असेल तर हा धोका लक्षात घ्या.

तपासा: ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये 'कमाल मोटर केबल १०० मीटर' असे लिहिलेले असते. ती मर्यादा बहुधा ड्राइव्हची असते: केबल चार्ज करायला लागणारा करंट आणि रेडिओ हस्तक्षेप यांच्या हिशेबाने दिलेली. तुमच्या मोटरचे इन्सुलेशन शंभर मीटरवर टिकेल, असे ते वाक्य सांगत नाही.

## टप्पा ४: मोटर किती सोसते

नेमप्लेटवरचा 'क्लास एफ' वाचून निश्चिंत होणारे फार आहेत. क्लास एफ हे तापमानाचे रेटिंग आहे, १५५ अंशांचे. स्पाइक सोसण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

पाहायच्या गोष्टी अशा:

- नेमा एमजी १ या अमेरिकन मोटर मानकाच्या भाग ३१ प्रमाणे बनवलेली इन्व्हर्टर ड्यूटी मोटर रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखर सोसते, चढण्याचा वेळ ०.१ मायक्रोसेकंदापेक्षा कमी नसेल तर. ४१५ व्होल्टला ते होतात सुमारे १२८६. त्याच मानकाचा भाग ३० साध्या मोटरसाठी आहे, आणि तिथे मर्यादा १००० व्होल्ट आणि किमान २ मायक्रोसेकंद. आजचा कोणताही आयजीबीटी ड्राइव्ह फिल्टरशिवाय दोन मायक्रोसेकंदाची अट पाळत नाही.
- आयईसी ६००३४-१८-४१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या मोटरवर आयव्हीआयसी (स्पाइक सोसण्याचा वर्ग) ए, बी, सी किंवा डी अशी खूण असते. ए म्हणजे बसच्या १.१ पट, बी १.५ पट, सी २ पट आणि डी २.५ पट. फिल्टर न लावता लांब केबलवर चालवायची असेल तर किमान सी हवी.
- दोन्हींपैकी काहीच लिहिलेले नसेल, किंवा मोटर एकदा रिवाइंड झालेली असेल, तर ती साधी समजा आणि शिखर १००० व्होल्टच्या आत आणायचे ठरवा.

इन्सुलेशन फाटते कुठे, तेही माहीत हवे. झटकन चढणारा पल्स सगळ्या कॉइलमध्ये सारखा वाटला जात नाही. त्याचा मोठा भाग लाइन लीडजवळच्या पहिल्या कॉइलवर, तिच्याही पहिल्या काही वेढ्यांवर पडतो. रँडम वाउंड मोटरमध्ये तारा स्लॉटमध्ये हाताने भरलेल्या असतात, त्यामुळे पहिला आणि शेवटचा वेढा नेमके शेजारी येऊ शकतात. दोन तारांमधल्या हवेच्या बारीक फटीत सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात, इनॅमल खाल्ले जाते आणि एक दिवस दोन वेढे शॉर्ट होतात.

तपासा, जळालेली मोटर उघडल्यावर: रिवाइंडरला सांगून ठेवा की वाइंडिंग काढण्यापूर्वी फोटो हवा. स्पाइकने गेलेल्या मोटरमध्ये बाकी वाइंडिंग स्वच्छ असते आणि लीडजवळच्या एखाद्या कॉइलवर एकच भोक किंवा वितळलेला ठिपका दिसतो, कधी आजूबाजूला पांढरी पूड. सगळे वाइंडिंग सारखे काळे पडले असेल तर तो ओव्हरलोड किंवा बंद पडलेले कूलिंग. स्टार मोटरमध्ये दोन फेज काळे आणि एक चांगला, किंवा डेल्टामध्ये एकच फेज काळा, म्हणजे सिंगल फेजिंग. ही ओळख न करता फिल्टर विकत घेऊ नका. कमी वेगावर सतत चाललेल्या मोटरचा पंखा पुरेशी हवा देत नाही आणि ती नुसत्या उष्णतेनेच जळते. तिला फिल्टरची नाही, वेगळ्या ब्लोअरची गरज असते.

## टप्पा ५: जुनी जोडणी उतरवा, मग सेटिंग बदला

आधी ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामधून पुढच्या गोष्टी काढा:

१. पॉवर फॅक्टर कॅपॅसिटर. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये किंवा मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये जुना कॅपॅसिटर तसाच राहतो. ड्राइव्हच्या आउटपुटवर तो राहिला तर प्रत्येक पल्सला मोठा चार्जिंग करंट ओढतो. आयजीबीटी उडतात, किंवा ड्राइव्ह ओव्हरकरंटवर सारखा ट्रिप होतो.

२. स्टार-डेल्टा स्टार्टर. ड्राइव्ह स्वतःच हळू चालू करतो, स्टार्टरची गरज उरत नाही. सहा लीडच्या मोटरवर पट्ट्या नेमप्लेटप्रमाणे कायमच्या बसवा. भारतात मोठ्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्ट डेल्टा असतात, तरी प्लेट वाचल्याशिवाय पट्टी लावू नका.

३. आउटपुट कॉन्टॅक्टर. बायपाससाठी तो ठेवावाच लागत असेल तर ड्राइव्हच्या रन सिग्नलशी इंटरलॉक करा. ड्राइव्ह चालू असताना कॉन्टॅक्टर उघडला की करंट अचानक तुटतो आणि वेगळाच स्पाइक तयार होतो.

मग सेटिंग. कॅरिअर २.५ ते ४ किलोहर्ट्झवर आणा. याने शिखर कमी होत नाही, हे नीट लक्षात घ्या. दर सेकंदाला बसणाऱ्या फटक्यांची संख्या कमी होते आणि लाटा एकावर एक चढण्याची शक्यता घटते. मोटरचा आवाज थोडा वाढेल. गोंगाट नको म्हणून कॅरिअर १२ वर नेण्याची सवय कारखान्यांत सर्रास दिसते आणि तीच मोटरचे आयुष्य खाते. डिसेलरेशनचा वेळ प्रक्रियेला चालेल तितका वाढवा आणि त्या वेळी बस कुठपर्यंत जातो ते डिस्प्लेवर पाहा.

## टप्पा ६: केबल आणि अर्थिंग

केबल छोटी करता आली तर त्यापेक्षा स्वस्त उपाय नाही. ड्राइव्हचा पॅनल मेन पॅनलरूममध्येच हवा असा नियम नसतो. योग्य आयपी रेटिंगच्या बॉक्समध्ये तो मोटरजवळ नेता येतो. इनपुटची केबल लांब झाली तर स्पाइक वाढत नाही, आउटपुटची झाली की वाढतो.

- केबल तीन फेज आणि सममित अर्थ असलेली, शील्डवाली घ्या. ती मिळत नसेल तर १.१ केव्ही ग्रेडची आर्मर्ड केबल चालते, आर्मर दोन्ही टोकांना अर्थ केलेले हवे.
- इन्सुलेशन एक्सएलपीईचे असावे. पातळ पीव्हीसीमध्ये ओल शिरली की ते असे फटके सोसायला कमी पडते.
- ग्लँड धातूचा घ्या आणि आर्मर किंवा शील्ड त्याच्याभोवती पूर्ण गोल बसवा. शील्डची पिळून शेपटी करून एका नटाखाली दाबली तर उच्च फ्रिक्वेन्सीला ती नसल्यासारखीच.
- मोटरच्या बॉडीपासून ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलपर्यंत स्वतंत्र वायर टाका. मोटर नुसती स्ट्रक्चरला अर्थ केलेली पुरत नाही.
- एकाच ट्रेवर सिग्नलची आणि मोटरची केबल शेजारी ठेवू नका. किमान ३०० मिमी अंतर ठेवा आणि ओलांडायची असल्यास काटकोनात ओलांडा.

एका ड्राइव्हवर अनेक मोटरी असतील तर प्रत्येक मोटरच्या स्पाइकसाठी तिची स्वतःची केबल मोजा, पण ड्राइव्हच्या चार्जिंग करंटसाठी सगळ्या केबलांची बेरीज धरा.

सावधान: मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावण्यापूर्वी केबल ड्राइव्हच्या यू, व्ही, डब्ल्यूमधून सोडवा. मेगरच्या ५०० व्होल्टने ड्राइव्ह क्षणात निकामी होतो. वाचन एक मिनिटाचे घ्या, रँडम वाउंड मोटरला ४० अंशांवर किमान ५ मेगाओहम हवेत. मात्र मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलेच इन्सुलेशन पाहतो. दोन वेढ्यांमधला दोष तो दाखवत नाही, त्यासाठी सर्ज टेस्ट (वाइंडिंगला पल्स देऊन तिन्ही फेजच्या रेघा ताडून पाहणारी चाचणी) लागते. मेगर चांगला आला म्हणून मोटर चांगली, असे म्हणू नका.

## टप्पा ७: फिल्टर निवडा

आउटपुट चोक. ३ किंवा ५ टक्क्यांचा, ड्राइव्हच्या आउटपुटला लगेच बसवायचा. पल्सचा चढ तो सौम्य करतो, त्यामुळे पहिल्या वेढ्यांवरचा ताण हलका होतो. पण लांब केबलवर शिखर तो फारसे कमी करत नाही. काही दहा मीटरची केबल आणि बऱ्या इन्सुलेशनची मोटर असेल तिथे पुरतो. इनपुट चोक हार्मोनिक्ससाठी असतो, त्याच्यावर या कामाचा भरवसा ठेवू नका.

डीव्ही-डीटी (म्हणजे व्होल्टेज चढण्याचा वेग) फिल्टर. चोक, कॅपॅसिटर आणि रेझिस्टर यांची जोडणी. चढ सौम्य करतो आणि शिखरही छाटतो, कॅटलॉगमध्ये दिलेल्या केबल लांबीपर्यंत. साध्या मोटरी आणि शंभर ते तीनशे मीटरच्या केबली यांच्यासाठी बहुतेक वेळा हाच योग्य ठरतो. याला कॅरिअरची कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की रेझिस्टर तापून जळतो.

साइन फिल्टर. आउटपुट जवळपास शुद्ध साइन लाटेचे करतो, त्यामुळे केबलची लांबी हा मुद्दाच उरत नाही. खूप लांब केबल, सबमर्सिबल मोटर, किंवा बदलता न येणारी जुनी मोटर असेल तिथे लावा. किंमत आणि आकार मोठा, आणि व्होल्टेज थोडे पडते: कॅटलॉगमधला आकडा पाहून मोटरला पूर्ण टॉर्क मिळेल याची खात्री करा. याला मात्र कॅरिअरची किमान मर्यादा असते.

ही किमान आणि कमाल यांची अदलाबदल फार होते. कित्येक ड्राइव्ह तापले की कॅरिअर आपोआप खाली आणतात. साइन फिल्टर लावलेल्या ड्राइव्हवर हे घडले तर फिल्टरमधले चोक आणि कॅपॅसिटर रेझोनन्समध्ये जातात आणि फिल्टर पेटण्याइतका तापतो. तो पॅरामीटर आधी बंद करा. कंट्रोल मोडही व्ही-बाय-एफ (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे प्रमाण कायम ठेवणारा) करा, किंवा ड्राइव्हमध्ये साइन फिल्टरचा वेगळा पर्याय असेल तर तो निवडा.

टर्मिनेटर. मोटरच्या टर्मिनल बॉक्सशी बसणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी. ती केबलच्या इम्पिडन्सशी जुळते, म्हणून लाट परतत नाही. वरचे तिन्ही ड्राइव्हच्या बाजूला बसतात, हा एकटाच मोटरकडे. उलट बसवले तर उपयोग नाही.

ऑर्डर देताना लिहा: मोटरचा पूर्ण लोड करंट आणि ओव्हरलोड टक्के, कॅरिअर, कमाल आउटपुट फ्रिक्वेन्सी, केबलची लांबी आणि प्रकार, पॅनलच्या आतले तापमान. उन्हाळ्यात विदर्भातल्या शेडमधला बंद पॅनल ५५ अंशांना जातो आणि ४० अंशांचा फिल्टर तिथे टिकत नाही. फिल्टरच्या वर-खाली हवेला जागा सोडा.

## टप्पा ८: मोजून खात्री करा

मल्टिमीटर, अगदी ट्रू आरएमएससुद्धा, स्पाइक दाखवत नाही. त्याला सरासरी कळते, मायक्रोसेकंदाचे शिखर नाही. लागेल ते असे: १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप आणि किमान २००० व्होल्ट शिखराचा, ५० मेगाहर्ट्झ किंवा अधिक बँडविड्थचा डिफरन्शियल प्रोब.

सावधान: डिफरन्शियल प्रोब नाही म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कापून साधा प्रोब लावू नका. स्कोपची धातूची बॉडी फेजच्या व्होल्टेजला जाते आणि हात लावणाऱ्याचा जीव जातो.

१. ड्राइव्ह बंद आणि बस रिकामा असताना प्रोब मोटरच्या टर्मिनलवर, दोन फेजमध्ये जोडा. झाकण लावा, लोक दूर करा, मग चालू करा.

२. टाइम बेस एका डिव्हिजनला १ मायक्रोसेकंद, ट्रिगर चढत्या काठावर. टर्मिनलवर चढ, त्याच्यावर उसळी आणि मग विझत जाणारी डोलणारी रेघ दिसेल. एका डोलण्याला लागलेल्या वेळावरून केबलची लांबी पडताळा: ६० मीटर केबलला ती लाट सुमारे १.६ मायक्रोसेकंदांची येते. आकडा फार वेगळा आला तर लांबी चुकली आहे किंवा मध्ये कुठे जॉइंट आहे.

३. टाइम बेस १०० नॅनोसेकंदांवर आणून चढण्याचा वेळ १० ते ९० टक्क्यांमध्ये वाचा.

४. पर्सिस्टन्स किंवा एन्व्हलप मोड लावून मोटर शून्यापासून पूर्ण वेगाला न्या, काही मिनिटे चालवा आणि नेहमीच्या डिसेलरेशनने थांबवा. या सगळ्यातले सर्वांत वरचे शिखर लिहून ठेवा.

५. मोजताना इनपुट ४०० असेल आणि रात्री ४४० जात असेल तर शिखराला ४४०/४०० ने गुणा.

आलेला आकडा चौथ्या टप्प्यातल्या मर्यादेच्या किमान १० टक्के खाली हवा. नसेल तर पाचव्या टप्प्याकडे परत जा, फिल्टरचा नंबर वाढवू नका.

बेअरिंगमध्ये आडव्या पट्ट्या पडत असतील तर तो प्रश्न वेगळा. तो कॉमन मोड व्होल्टेजमधून (तिन्ही फेजवर एकत्र, अर्थच्या तुलनेत येणाऱ्या व्होल्टेजमधून) शाफ्टवाटे वाहणाऱ्या करंटचा. चोक आणि डीव्ही-डीटी फिल्टरने तो जात नाही. इन्सुलेटेड बेअरिंग, शाफ्ट अर्थिंग ब्रश किंवा कॉमन मोड फिल्टर लागतो.

## टप्पा ९: रिवाइंडरला काय सांगायचे

'नेहमीसारखी करून द्या' म्हटले तर नेहमीचीच होऊन येईल. चिठ्ठीवर हे लिहून द्या: मोटर व्हीएफडीवर चालणार आहे. वायर ड्युअल कोट, इन्व्हर्टर ग्रेडची. फेजमधले कागद प्रत्येक ओव्हरहँगमध्ये, दोन्ही बाजूंना. लीडच्या पहिल्या कॉइलवर जादा स्लीव्ह. कॉइल भरताना पहिला वेढा शेवटच्या वेढ्याला चिकटणार नाही याची काळजी. एंड वाइंडिंग घट्ट बांधलेले. व्हार्निश व्हॅक्यूम-प्रेशरने, ते शक्य नसेल तर दोनदा बुडवून दोन्ही वेळा भट्टीत सुकवलेले. ब्रशने वरून फासलेले व्हार्निश स्लॉटच्या आतल्या हवेच्या फटी भरत नाही, आणि ठिणग्या पडतात त्या नेमक्या तिथेच. मोटर ताब्यात घेताना सर्ज टेस्टच्या तिन्ही फेजच्या रेघा एकमेकींवर बसलेल्या पाहूनच घ्या.

## बोअरवेलमधली मोटर

कंट्रोलर वर, मोटर शंभर-दीडशे मीटर खाली, केबल तेवढीच लांब. सौर कृषी पंप हा या प्रश्नाचा सर्वांत कठीण प्रकार, कारण मोटर पाण्यात असते, टर्मिनलवर प्रोब लावता येत नाही आणि मोटर वर काढायची म्हणजे पूर्ण पाइपलाइन उचलायची. म्हणून मोटर खाली उतरवण्यापूर्वीच फिल्टर ठरवा आणि तो कंट्रोलरच्या शेजारी बसवा.

येथे डीसी बस लाइनवर नाही, पॅनलच्या स्ट्रिंगवर ठरतो. थंडीतल्या स्वच्छ सकाळी, पंप सुरू होण्याच्या क्षणी ओपन सर्किट व्होल्टेज सर्वांत वर असते, तोच आकडा तिसऱ्या टप्प्यात घ्या. मोटरच्या कॅटलॉगमध्ये टर्मिनलवरचे कमाल शिखर आणि व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद दिलेले असतात. दोन्ही पाळणारा डीव्ही-डीटी फिल्टर मिळाला तर तो, नाहीतर साइन फिल्टर. तीन एचपीच्या पंपालाही हा खर्च करावा, कारण एकदा मोटर वर काढण्याची मजुरी आणि मधल्या दिवसांत सुकणारे पीक त्याहून महाग पडते.

केबलचा जॉइंट हा तिथला दुसरा कच्चा दुवा. नुसत्या काळ्या टेपने बांधलेल्या जॉइंटमध्ये पाणी शिरते आणि स्पाइक तिथूनच मार्ग काढतो. तिन्ही कोअर एकाच उंचीवर न जोडता थोडे वर-खाली जोडा, प्रत्येकावर चिकट थर असलेली हीट श्रिंक चढवा, वरून रेझिनचे किट ओता आणि रेझिन पूर्ण घट्ट झाल्यावरच केबल पाण्यात सोडा. जॉइंट बादलीभर पाण्यात तासभर बुडवून, कंट्रोलर जोडलेला नसताना मेगर घ्या, आणि तो आकडा तारखेसह कंट्रोलरच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा.